सीईएची तपासणी: घरपोच सेवा की मिरजेची लॅब?

रक्त घेण्याच्या कामाला पाचपैकी पाच, रिपोर्टच्या कामाला दोन. सांगलीत घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका मोठ्या लॅबसाखळीचं हे माझं मत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. जे मला खटकलं ते त्या एकट्या कंपनीचं दुखणं नसावं असं वाटतं, आणि कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांनी लॅब निवडताना नावाच्या पाटीपेक्षा काही प्रश्न विचारावेत, ते कोणते हे मला सांगायचं आहे. तुलनेला आहे मिरजेच्या रुग्णालयातली लॅब. माझ्या यजमानांचं, म्हणजे यांचं, ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं.

यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. डाव्या बाजूचा, सिग्मॉइड म्हणतात त्या भागातला. आतड्याचा तुकडा काढला, मग केमो झाली, आणि आता ठरावीक काळाने तपासण्या चालू आहेत. त्यातली सगळ्यात नियमित तपासणी म्हणजे सीईए, कॅन्सर परततो आहे का यावर नजर ठेवणारी रक्ताची तपासणी. माझी नोकरी सहकारी बँकेत झाली. आकडा कुठून आला हे बघितल्याशिवाय पुढे जायची सवय नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळे रिपोर्ट एका वहीत तारखेसकट उतरवून ठेवले आहेत. खाली जे आकडे देते आहे ते त्या वहीतले.

आधी घरपोच सेवेचं चांगलं. रक्त न्यायला येणारी मुलगी वेळेवर येते, ओळखपत्र दाखवते, नवे हातमोजे घालते. केमोनंतर यांच्या शिरा पार खराब झाल्या आहेत. दवाखान्यात दोन-दोन ठिकाणी टोचून घ्यावं लागायचं. ही मुलगी हात जरा वेळ कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवायला लावते, "काका, मूठ घट्ट करा, आता सोडा" म्हणते आणि बारीक सुईने पहिल्याच टोचणीत काम करते. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं की नाव-वयाची चिठ्ठी तिथंच, आमच्यासमोर चिकटवते, आणि चिकटवण्याआधी नाव यांच्याच तोंडून वदवून घेते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नळीची अदलाबदल झाली तर पुढचं कितीही महागडं मशिन असलं तरी उपयोग नाही.

फोनवरच्या माणसांचं मात्र तसं नाही. बुकिंगच्या वेळी आम्हाला सांगितलं, बारा तास उपाशी राहा. यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. बारा तास उपाशी ठेवणं म्हणजे साखर घसरायला आमंत्रण. सीईएला उपाशीपोट लागतच नाही, दिवसातून कधीही रक्त दिलं तरी चालतं. पलीकडची मुलगी समोरचा कागद वाचून सांगत होती. मी दोनदा विचारल्यावर तिने वरिष्ठांना विचारलं आणि मग "चालेल" म्हणाली. ज्यांना हे ठाऊक नाही ते बिचारे उपाशी राहत असतील.

आता मुख्य गोष्टीकडे येण्याआधी सीईए काय आहे ते सांगते, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही. सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन. गर्भातल्या बाळाच्या आतड्यात हे प्रथिन भरपूर तयार होतं, जन्मानंतर जवळजवळ थांबतं. आतड्याच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी ते पुन्हा मोठ्या प्रमाणात तयार करून रक्तात सोडू लागतात. १९६५ मध्ये कॅनडात, माँट्रियलला, फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधलं. एकाच पेशंटच्या आतड्याचा रोगी भाग आणि निरोगी भाग शेजारी ठेवून, रोगी भागात जास्तीचं काय आहे ते त्यांनी हुडकलं. निरोगी, न ओढणाऱ्या माणसात हे प्रमाण एका मिलिलिटरला तीन नॅनोग्रॅमच्या आत असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत पाचपर्यंत असलं तरी डॉक्टर घाबरत नाहीत.

यांचा ऑपरेशनच्या आधीचा आकडा १८.६ होता. गाठ काढल्यावर हे प्रथिन लगेच नाहीसं होत नाही, रक्तातून हळूहळू उतरतं, म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे थांबून तपासायला सांगितलं. तेव्हा २.९ आला. तो कागद हातात घेऊन यांनी देवापुढे ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, हा आकडा आता आपला पाया. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं." ऑपरेशनआधीचा आकडाही जपून ठेवायचा असतो, कारण गाठ सीईए तयार करते की नाही ते त्यावरून कळतं. काही जणांची गाठ सीईए फारसं तयारच करत नाही, त्यांच्या बाबतीत पुढे या तपासणीवर तेवढं विसंबता येत नाही.

केमो चालू असताना आकडा ४.४ पर्यंत चढला होता. ऑक्झालिप्लॅटिनसारख्या औषधांनी सुरुवातीला असा चढ येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे आम्ही निभावलो. नंतर तो आपसूक उतरला. यकृताचा त्रास, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा जुना दाह, यांनीही सीईए वाढतं. म्हणजे आकडा चढला की कॅन्सरच परतला असं नसतं. माणूस, औषधं, सोबतचे आजार सगळं बघून डॉक्टर अर्थ लावतात.

गेल्या पावसाळ्यात यांचा गुडघा धरला होता आणि पाऊस थांबत नव्हता. पुण्याहून मुलाने फोनवरूनच घरपोच तपासणी नोंदवली. "बाबांना पावसात मिरजेला नेऊ नकोस" म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. रक्त सकाळी गेलं आणि रात्री साडेदहाला मोबाइल वाजला. सीईए ५.३. लाल अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. आदल्या खेपेला मिरजेत ३.२ होता. खाली "क्लिनिकली कोरिलेट करा" (म्हणजे पेशंटची तब्येत बघून अर्थ लावा) एवढी एक ओळ आणि त्याखाली दोन बटणं: एक तज्ज्ञांशी बोलण्यासाठी पैसे भरायचं, दुसरं मोठं कॅन्सर पॅकेज घ्यायचं.

रात्री साडेदहाला डॉक्टर कुठून मिळणार? हे रात्रभर छताकडे बघत पडले होते. सकाळी म्हणाले, "मुलाला अजून सांगू नकोस." मुलाने तर आधीच बघितलं होतं, रिपोर्ट त्याच्याही मोबाइलवर गेलेला. दोघं एकमेकांपासून लपवत बसले होते. या सेवेला मी दोनच गुण देते त्यातलं मोठं कारण ही रात्र आहे. ज्या तपासणीचा निकाल माणसाची झोप उडवतो तो सकाळी पाठवता येतो. निदान "असा बदल दिसल्यास घाबरू नका, पुन्हा तपासणी करून खात्री करतात" एवढं तरी लिहिता येतं. एका ओळीला पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आकडा बघण्याआधी विचारलं, "कुठे केली?" मग त्यांनी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली पद्धत दाखवली. मिरजेच्या कागदावर सीएमआयए होतं, या कागदावर ईसीएलआयए. दोन्ही चांगल्या पद्धती आहेत, दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या मशिनवर होतात. पण सीईए हे साखर किंवा मिठासारखं एकजिनसी रसायन नाही. मोठं, वेडंवाकडं, साखरेच्या साखळ्या लगडलेलं प्रथिन आहे, आणि ते मोजायला प्रत्येक कंपनी आपापली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) वापरते. एकाची प्रतिद्रव्यं त्या प्रथिनाला एका जागी पकडतात, दुसऱ्याची दुसऱ्या जागी. त्यामुळे एकाच माणसाचं एकाच सकाळचं रक्त दोन मशिनवर लावलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. एका मशिनवरचा ३.२ आणि दुसऱ्यावरचा ५.३ यांची वजाबाकी करायचीच नसते.

मिरजेच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. ३.३.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते वहीत ठळक लिहून ठेवलं आहे. ५.३ जुन्याच लॅबमधून आला असता तरी त्यांनी लगेच काही केलं नसतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं असतं. चढ खरा असेल तर पुढच्या खेपेलाही तो चढतच राहतो, आणि मग सीटी स्कॅन करून कुठे काय आहे ते शोधतात. दशांशातली वर-खाली तर त्याच मशिनवरही होते, माणसाच्या शरीरातही होते. २.९ चा ३.३ झाला म्हणून जेवण टाकायचं नाही.

मी त्या साखळीच्या सांगली शाखेत फोन केला. माझा प्रश्न साधा होता: आमचं रक्त कोणत्या मशिनवर लागतं? शाखेत माहीत नव्हतं. ई-मेल केला, आठवड्याने उत्तर आलं. सांगलीत फक्त रक्त गोळा होतं, साध्या तपासण्या होतात. ट्यूमर मार्करच्या, म्हणजे सीईएसारख्या कॅन्सरच्या खुणा मोजणाऱ्या तपासण्यांच्या, नळ्या पुण्याला जातात, तिथे काम जास्त असलं की मुंबईला. दोन ठिकाणची मशिनं वेगळ्या कंपन्यांची. म्हणजे आम्ही कायम याच साखळीकडे जायचं ठरवलं असतं तरीसुद्धा दर खेपेला आकडा एकाच पद्धतीने आला असता याची खात्री नव्हती, आणि बदलला तर ते कोणी सांगणार नव्हतं. कागदावर पद्धतीचं नाव असतं, ते खरं. पण मागच्या खेपेची पद्धत वेगळी होती हे सामान्य माणसाने बारीक अक्षरातून शोधावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. सेवा देणाऱ्याने ते स्वतःहून, ठळक सांगायला हवं.

आता मिरजेची लॅब. सोयी म्हणाल तर कमीच. जिना चढून जायचं, टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं. कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून आलेली माणसं रात्रीच्या गाडीने उतरून तिथे बसलेली असतात, त्यामुळे सकाळी गर्दी असते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कागदावर. मोबाइलवर मागितला तर पाठवतात, पण आधी डॉक्टरांकडे जातो. पैसे साखळीपेक्षा थोडे कमी.

पण कागद हातात घेतला की फरक दिसतो. आजच्या आकड्याशेजारी मागचे सगळे आकडे तारखेसह एका रांगेत छापलेले असतात, प्रत्येकापुढे पद्धत. माझ्या वहीची गरजच पडू नये असा तो तक्ता. मध्ये त्यांनी जुनं मशिन काढून नवं आणलं. तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हाला बाजूला बोलावून सांगितलं, की या खेपेला काकांचं रक्त जुन्या आणि नव्या दोन्ही मशिनवर लावणार आहोत, पैसे एकाचेच, आणि दोन्ही आकडे छापणार, म्हणजे पुढची तुलना नव्याशी करता येईल. जुन्यावर ३.१ आणि नव्यावर २.६ आला. त्यांनी हे केलं नसतं तर पुढे नव्या मशिनवर ३.१ आला असता तेव्हा डॉक्टर "स्थिर आहे" म्हणाले असते आणि खरा थोडासा चढ नजरेतून सुटला असता. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो. कोणी बघत नसताना केलेलं काम आहे ते.

त्यांनीच रक्त घेण्याआधी विचारलं होतं, "केसांच्या, नखांच्या गोळ्या चालू आहेत का?" तेव्हा मला कळेना. केमोनंतर केस गळतात म्हणून बरेच पेशंट बायोटिनच्या गोळ्या घेतात. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, या गोळ्यांत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. काही कंपन्यांच्या किटमध्ये मोजणीची साखळी बायोटिनच्याच आधाराने जोडलेली असते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ही साखळी नीट जुळत नाही आणि सीईए, पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) अशा तपासण्यांचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीत असा खोटा कमी आकडा आल्यानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात होती. बऱ्याच किटमध्ये नंतर सुधारणा झाली आहे, तरी विचारायला हवंच. खोटा जास्त आकडा आला तर माणूस धावत डॉक्टरकडे जातो. खोटा कमी आला तर निर्धास्त घरी बसतो. घरपोच सेवेच्या अर्जात मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण सगळं विचारलं होतं, गोळ्यांचा रकाना नव्हता. तो टाकायला त्यांना एक दिवसही लागणार नाही.

एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का दोन्हीकडे आहे. पण हा शिक्का प्रत्येक तपासणीसाठी वेगवेगळा लागू होतो, लॅबच्या यादीत सीईए आहे की नाही ते विचारावं लागतं. मिरजेत आहे.

पॅकेजबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकदा नंबर त्या साखळीकडे गेला की व्हॉट्सॲपवर निरोप सुरू होतात: घरातल्या सगळ्यांचं कॅन्सर स्क्रीनिंग करा, सीईए, सीए-१२५, सीए १९-९ सगळं एका रक्तात, आजच्या दिवसापुरती सवलत. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी घेतलं. यांच्या आजारानंतर घरातली सगळीच धास्तावलेली, तिचं काय चुकलं? तिचा सीए-१२५ आला ५२. मर्यादा ३५. तिला वाटलं अंडाशयाचा कॅन्सर झाला. सोनोग्राफी, पुन्हा रक्त, दोन डॉक्टर. निघालं एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, कॅन्सर नव्हे), आणि रक्त घेतलं तेव्हा पाळी चालू होती. दोन्हींनी सीए-१२५ वाढतं. गरोदरपणात वाढतं, आणि आपल्याकडे पोटाच्या टीबीने तर इतकं वाढतं की नवखा डॉक्टरसुद्धा कॅन्सर समजून बसेल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीए १९-९ पित्ताचे खडे होऊन कावीळ झाली तरी चढतं, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांचं शरीर रक्तगटाच्या जातीमुळे ते तयारच करत नाही, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा शांतच. सीईएचं तर असं, की आतड्याचा कॅन्सर सुरुवातीचा असताना तो बहुतेकदा चढलेलाच नसतो. काही त्रास नसलेल्या माणसाने या तपासण्या उगाच करू नयेत. आतड्याची काळजी वाटत असेल, घरात कोणाला झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी. आमच्या मुलाची वयाप्रमाणे तीच ठरली आहे. अशी पॅकेजं घाबरलेल्या घरांना विकणं मला चुकीचं वाटतं आणि मी ते त्या कंपनीला लिहून कळवलं आहे.

यांचं वेळापत्रक डॉक्टरांनी आखून दिलं आहे: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सीईए, पुढे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. सोबत ठरलेल्या वेळी सीटी आणि कोलोनोस्कोपी. सीईए चांगला आला म्हणून बाकीचं टाळायचं नाही, हे त्यांनी यांना दम देऊनच सांगितलं. पाचची मर्यादा धरली तर परतलेल्या दहा कॅन्सरपैकी साधारण सातच या तपासणीत सापडतात. उरलेले तीन सीटीत किंवा पेशंटच्या तक्रारीत कळतात. वजन उतरलं, शौचाची सवय बदलली, पोट दुखत राहिलं, तर आकडा काहीही असो, जायचं.

म्हणून ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी: पेशंट अंथरुणाला खिळला असेल, घराबाहेर नेणं शक्यच नसेल, तर घरपोच सेवा जरूर घ्या. नोंदवतानाच विचारा की नळी कोणत्या शहरात जाते, कोणत्या मशिनवर लागते, आणि दर खेपेला तिथेच जाईल असं लिहून देता का. पहिल्या खेपेचा आकडा नवा पाया धरा, जुन्या लॅबच्या आकड्यांच्या रांगेत घुसवू नका. रिपोर्ट एकाच्याच मोबाइलवर मागवा, जो माणूस सकाळपर्यंत थांबू शकेल त्याच्या. आणि कागद डॉक्टरांना दाखवताना लॅबचं नाव आधी सांगा.

माझ्या पत्राला साखळीकडून उत्तर आलं आहे की रात्री नऊनंतर ट्यूमर मार्करचे रिपोर्ट न पाठवण्याचा विचार चालू आहे. खरंच बंद केलं तर मी एक गुण वाढवून देईन. मशिन एकच ठेवण्याबद्दल त्यात काही नाही.

यांचं सीईए मिरजेलाच. साखर, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनसाठी मात्र आम्ही अजून त्याच मुलीला बोलावतो. यांना दुसऱ्या कोणी टोचलेलं चालत नाही.